सहा ठिपक्यांची पाटी

पाटी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो लाकडी चौकटीतला काळा दगड. पेन्सिलीची करकर, चौकटीला दोरीने बांधलेले ओले फडके आणि 'ग म भ न' गिरवून घेणारा आईचा हात. ज्यांचे बालपण पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेले, त्यांना हे सारे आजही आठवत असेल. पुढे वह्या आल्या, बॉलपेने आली आणि आता तर नातवंडांच्या हातात टॅब आहेत. त्या टॅबचे आपल्याला केवढे अप्रूप! पण विचार केला तर दप्तरात मावणारे, कुठेही नेता येणारे आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारे शिकण्याचे आपले पहिले साधन म्हणजे पाटीच.

अशीच आणखी एक पाटी आहे. ती पुसता येत नाही. तिच्यावर उजवीकडून डावीकडे लिहितात. मग कागद काढून उलटा करतात आणि डावीकडून उजवीकडे वाचतात. तिला चार्जर लागत नाही, नेटवर्क लागत नाही. लाइट गेली तरी वाचन थांबत नाही. वसतिगृहातले दिवे मालवल्यावर पांघरुणात शिरून गोष्टीचे पुस्तक वाचण्याची चैन फक्त तिच्याच विद्यार्थ्यांना करता येते. ही अंध मुलांची ब्रेल पाटी.

माझी आणि तिची ओळख बँकेतून निवृत्त झाल्यानंतरची. गेली काही वर्षे मी आठवड्यातून दोन दिवस अंध मुलींच्या एका वसतिगृहात 'वाचक' म्हणून जातो. जी पुस्तके ब्रेलमध्ये मिळत नाहीत ती मोठ्याने वाचायची, एवढेच माझे काम. मुली मला काका म्हणतात आणि स्वल्पविरामावर थांबलो नाही तर बिनदिक्कत टोकतात. वाचायला म्हणून जाणारा मी, बसल्या बसल्या दुसरेच काही शिकत गेलो. एखादे साधन मुलाच्या हाती देणे आणि त्या साधनाने मूल शिकणे, ह्या दोन गोष्टींमध्ये केवढे अंतर असते आणि ते कोण, कसे भरून काढते, हे मला तिथे पाहायला मिळाले.

'आता फोन वाचतो की!'

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. आठवीत दाखल झालेल्या एका मुलीला सोडायला तिचे वडील आले होते. मुलगी सातवीपर्यंत गावातल्याच शाळेत शिकलेली. वर्गात बसायची, ऐकायची आणि ऐकलेले सारे लक्षात ठेवायची. पाढे, कविता, इतिहासातल्या सनावळ्या, काहीही विचारा, उत्तर तयार! लिहिणे मात्र कधी नाहीच. परीक्षा तोंडी. वडिलांनी उसाचे बिल आल्यावर तिला नवा मोबाइल घेऊन दिला होता आणि गावातल्याच एका कॉलेजातल्या मुलाने त्यातला 'बोलका' भाग सुरू करून दिला होता.

वसतिगृहात ब्रेल शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मांध. वय पंचावन्नच्या पुढे. वडिलांनी ब्रेल पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि अगदी सरळ मनाने विचारले, "बाई, आता फोनच सगळं वाचून दाखवतो की. मग पोरीला हे टोचत बसायला कशाला लावायचं?"

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. आज जगभरच्या अंध शाळांतून, पालकांच्या सभांतून हाच प्रश्न विचारला जातो. ब्रेलची पुस्तके जाडजूड. शाळेतले एक पुस्तक ब्रेलमध्ये केले की त्याचे कित्येक खंड होतात. कागद जाड लागतो, छपाई महाग, शिकवणारे थोडे. त्याउलट मोबाइल खिशात मावतो आणि त्यात अख्खे ग्रंथालय बसते. मग कशाला हवी ती पाटी?

बाई हसल्या. म्हणाल्या, "दादा, दिवाळीत न्यायला याल ना, तेव्हा सांगते."

डोळसांची सोय आणि बोटांची सोय

त्या उत्तराकडे जाण्याआधी थोडे मागे जायला हवे. लुई ब्रेलची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी वाचलेली असते. पॅरिसजवळच्या कूव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी एका खोगीर बनवणाऱ्याच्या घरी जन्म. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या जागी कातडे टोचण्याच्या आरीशी खेळताना डोळ्याला झालेली इजा. मग दुसऱ्या डोळ्यातही पसरलेला संसर्ग आणि पाचव्या वर्षापर्यंत आलेले पूर्ण अंधत्व. १८१९ मध्ये दहा वर्षांच्या लुईला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत घातले. इथपर्यंतची गोष्ट ठाऊक असते. पुढचा भाग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे.

त्या शाळेत पुस्तके नव्हती असे नाही. नेहमीचीच अक्षरे मोठ्या आकारात कागदावर उठवलेली पुस्तके होती. शाळेचे संस्थापक व्हालांतँ आऊई ह्यांनीच ती पद्धत काढली होती. डोळसांना ती छान वाटत, कारण डोळ्यांनी ती सहज वाचता येत. बोटांना मात्र एकेक अक्षर चाचपडावे लागे. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. आणि मुख्य म्हणजे, ह्या अक्षरांत विद्यार्थ्याला स्वतःला काही लिहिता येत नसे. दुसऱ्याने छापलेले वाचायचे, बस्स.

मग सैन्यातून निवृत्त झालेले शार्ल बार्बिए बारा ठिपक्यांची एक पद्धत घेऊन शाळेत आले. ठिपके बोटाला चटकन कळत आणि साध्या टोकदार सळईने उमटवताही येत. पण त्यांची पद्धत उच्चारावर बेतलेली होती. शब्द कानाला जसा ऐकू येतो तसा लिहायचा. त्यात शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत. शिवाय बारा ठिपके एका बोटाखाली मावत नसत. लुईने त्याचे सहा केले आणि प्रत्येक खूण ध्वनीला न देता अक्षराला दिली. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बऱ्याच अंशी तयार झाली होती. १८२९ मध्ये तिचे पुस्तक निघाले.

शाळेतल्या मुलांनी ती लगेच उचलली. मोठ्यांना मात्र पटेना. १८४० नंतरच्या काळात शाळेच्या नव्या प्रमुखांनी तर ती बंदच केली होती, कारण डोळसांना न कळणारी लिपी मुलांना वेगळे पाडील अशी त्यांना भीती. मुले चोरून ठिपके टोचत राहिली. अखेर १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात ह्याच लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये; लुई त्याआधीच दोन वर्षे गेला होता. त्याच्या द्विजन्मशताब्दीला, २००९ मध्ये, आपल्या सरकारने त्याचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. कुणाच्या जुन्या डब्यात ते अजून सापडेलही.

ही गोष्ट सविस्तर सांगितली ती एवढ्यासाठी, की साधन निवडताना होणारी गफलत तेव्हापासून तीच आहे. डोळसांना जे सोयीचे दिसते ते अंधांना पुरेसे आहे असे आपण धरून चालतो. आणि मुलाला वाचून दाखवणारे साधन व मुलाला स्वतः लिहू देणारे साधन ह्यांतला फरक आपल्या लक्षात येत नाही.

वेळ लिहायला जावे, वेल उमटावी

आपल्याकडे अंधांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ मध्ये निघाली. मुंबईत दादरची शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड ह्यांनी १९०० मध्ये सुरू केली. त्या काळी प्रांतोप्रांतीच्या ब्रेल लिपी वेगवेगळ्या होत्या. स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या सुमारास, सर्व भारतीय भाषांसाठी मिळून 'भारती ब्रेल' ठरली. मराठीतला 'क' आणि बंगालीतला, तमिळमधला 'क' तिथे एकच. डोळसांना जे एकीकरण साधले नाही ते बोटांनी साधले, असे बाई गमतीने म्हणतात.

ब्रेलचे घर म्हणजे सहा ठिपक्यांची जागा. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. एक आणि तीन उठवले की 'क', एक आणि दोन उठवले की 'ब'. काना-मात्रा-वेलांटी वेगळी नाही. अक्षरापुढे तो स्वर लिहायचा. 'दिवा' लिहायचा तर द, इ, व, आ. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ही देवनागरीतली अडचणच इथे नाही.

पण अडचण दुसरीकडून येते. पाटी म्हणजे एक लाकडी फळी. तिच्यावर जाड कागद ठेवून वरून धातूची दुहेरी पट्टी बसवायची. पट्टीच्या वरच्या बाजूला ओळीने चौकोनी खिडक्या, खालच्या बाजूला तेवढेच खळगे. खिडकीतून गोल मुठीच्या सळईने, म्हणजे स्टायलसने, ठिपका दाबायचा. ठिपका उठतो तो कागदाच्या मागच्या बाजूला! म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे. वाचताना जो ठिपका डावीकडे हवा, तो लिहिताना उजवीकडे.

आता मराठीची गंमत पाहा. 'ल' म्हणजे डावीकडचे तिन्ही ठिपके, आणि 'ळ' म्हणजे उजवीकडचे तिन्ही. लिहिताना मुलीचे डावे-उजवे क्षणभर गडबडले की 'वेळ'ची 'वेल' होते, 'बाळ'चा 'बाल' होतो. 'इ' आणि 'ए' हेही एकमेकांचे आरशातले भाऊ. त्यामुळे 'दिवा' लिहायला गेलेल्या चिमुरडीच्या कागदावर 'देवा' उमटते. अशा वेळी बाई रागावत नाहीत. "अगं, लावायला निघालीस दिवा आणि हाक मारलीस देवाला!" असे म्हणून पुन्हा कागद लावून देतात. मुली हसतात आणि चौथ्या-पाचव्या खेपेला दिवा लागतो.

ह्यावर उपाय म्हणून यंत्रही आहे. अमेरिकेतल्या पर्किन्स शाळेत डेव्हिड अब्राहम ह्यांनी केलेले सहा कळांचे ब्रेल टंकयंत्र १९५१ पासून मिळते. त्यात ठिपके सरळच उठतात, उलटे लिहावे लागत नाही. पण त्याचे वजन चार किलोच्या पुढे आणि किंमत आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेर. रोज दप्तरातून नेता येते ती पाटीच.

पाटीपर्यंत पोहोचण्याआधीही बरेच काही करून घ्यावे लागते. लहान मुली आल्या की बाई त्यांच्यापुढे राजमा, वाटाणे आणि मूग एकत्र करून ठेवतात. बोटांनी वेगळे करायचे. नंतर येतो अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा आणि सहा लिंबे. "एक आणि तीनमध्ये ठेव. काय झालं?" "क!" लिंबांचा 'क' जमला की गोट्यांचा, मग मण्यांचा, आणि शेवटी कागदावरचा. घर लहान लहान होत बोटाच्या टोकाखाली येते. बोट दाबायचे नाही, घासायचे नाही, पाण्यावरून फिरवल्यासारखे हलके न्यायचे. उजवे बोट वाचते तेव्हा डाव्याने पुढची ओळ शोधून ठेवायची. हे सांगून येत नाही. बाई मुलीचा हात आपल्या हातावर ठेवतात आणि स्वतः वाचतात, म्हणजे हालचाल तिच्या हाताला कळते. एकेका मुलीसाठी हे महिनोन् महिने चालते. ह्याला कुठले बटण नाही.

बोलका मोबाइल

ह्याचा अर्थ मोबाइलला नावे ठेवायची असा मुळीच नाही. अंध विद्यार्थ्याच्या आयुष्यात गेल्या वीसेक वर्षांत जो पालट झाला त्याला तोड नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे ह्या दोन अंध तरुणांनी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए' नावाची संगणक-प्रणाली हाती घेतली आणि ती जगाला फुकट दिली. त्याआधी अशा प्रणालींची किंमत ऐकूनच पालक मागे फिरत. २००९ मध्ये आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आले. वेगळे यंत्र घ्यायची गरजच संपली. सर्वांच्या हातात असलेला फोनच अंधांसाठी बोलू लागला.

पुस्तकांच्या वाटेतले कायदेही बदलले. पूर्वी पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनिमुद्रण करायचे तर प्रकाशकाच्या परवानगीसाठी खेटे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अंधांसाठी असे रूपांतर करण्याची मुभा मिळाली. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेश शहरी ह्याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश होता भारत. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोषाची नोंद असलेले सुमारे ५० लाख लोक होते. त्यांच्यासाठी ही केवढी मोठी दारे उघडली!

वसतिगृहातल्या कॉलेजच्या मुली फोनवर इतक्या वेगाने ऐकतात की मला त्यातला एक शब्द कळत नाही. नुसती मधमाश्यांची गुणगुण. छापील पानाचा फोटो काढला की फोन ते वाचून दाखवतो. नोटांवरचा आकडा, औषधाच्या बाटलीचे नाव, बसचे वेळापत्रक, सगळे आता दुसऱ्याला न विचारता कळते. हे स्वावलंबन लहानसहान नव्हे.

पण हा फोनदेखील आपोआप शिकून होत नाही. काचेला ना उंचवटा, ना खळगा. एक बोट फिरवले की फोन नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो, दोन बोटांनी पान सरकते. डोळस माणूस हे पाहून करतो; अंध मुलीला त्या गुळगुळीत काचेचा नकाशा मनात काढावा लागतो. बाई पहिले आठ दिवस फोन हातात देतच नाहीत. मुलीच्या तळहातावर बोट फिरवून, टिचकी मारून सगळ्या खुणा पक्क्या करून घेतात. फोनचा वेगही सुरुवातीला अगदी कमी ठेवतात. "आधी ऐकायला शीक, मग पळायला," असे त्यांचे म्हणणे. पाटीला लागतो तेवढाच धीर काचेलाही लागतो.

कान सांगत नाही ते

आठवीतल्या त्या मुलीकडे वळू. पहिल्या महिन्यात बाईंनी तिला मिळालेल्या मोबाइलवर एक परिच्छेद बोलून टाइप करायला सांगितला, आणि मग त्यातला एकेक शब्द अक्षर सुटे करून सांगायला सांगितला. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की ह्या हुशार मुलीला शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच अनेक ठिकाणी ठाऊक नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, ह्यांतला फरक तिच्या कानाने कधी टिपलाच नव्हता. 'श' आणि 'ष' वेगळे असतात हे तिला नवीनच होते. इंग्रजीचे तर विचारू नका. 'नाइफ' ह्या शब्दाच्या आरंभी न उच्चारले जाणारे 'के' असते, हे नुसते ऐकणाऱ्याला कळणार तरी कसे? ती सात वर्षे शाळेत गेली होती, सगळे पाठ होते, पण ती निरक्षर होती. कठोर शब्द आहे, पण बाईंनीच तो वापरला.

भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व 'इ' म्हणजे दोन तिरपे ठिपके. दीर्घ 'ई' म्हणजे तेच दोन ठिपके एक पायरी खाली. एवढासा फरक, पण तो बोटाला लागतो आणि लागला की डोक्यात राहतो. कानाला त्याचा पत्ता नाही.

गणितात तर ह्याहून अवघड. फोनने वाचले, "अ अधिक ब चा वर्ग". आता वर्ग कुणाचा? एकट्या 'ब'चा की दोघांच्या बेरजेचा? कंस डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, ऐकताना मात्र निसटतो. म्हणून अंध शाळांत अजूनही टेलर फ्रेम वापरतात. अष्टकोनी भोकांची धातूची पाटी आणि तिच्यात उभे करायचे लहान खिळे. खिळ्याच्या एका टोकाला पट्टी, दुसऱ्याला दोन टोके. प्रत्येक टोक आठ दिशांना बसवता येते, म्हणजे एका खिळ्याच्या सोळा खुणा. मुली त्यावर भागाकार मांडतात तेव्हा खिळ्यांचा टकटक आवाज खोलीभर होतो.

मोठ्या परीक्षांना 'रायटर' मिळतो, म्हणजे मुलीने सांगायचे आणि लेखनिकाने लिहायचे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळही मिळतो. सोय चांगली आहे. पण जिला स्वल्पविराम कुठे येतो हे माहीत आहे तीच तो लेखनिकाला सांगू शकते. बाकीच्यांचे वाक्य लेखनिकाच्या मर्जीवर.

जूनपासून त्या मुलीची पाटी सुरू झाली. चौदाव्या वर्षी ब्रेल शिकणे सोपे नसते. सहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसून लिंबे मांडायची तिला लाज वाटे. दोनदा तिने पाटी ठेवून दिली. बाईंनी आग्रह केला नाही. रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून स्वतःच काहीतरी टोचत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मुलीनेच विचारले, "बाई, काय लिहिताय?" बाई म्हणाल्या, "वाच की." झाले!

दिवाळीत वडील न्यायला आले तेव्हा मुलीच्या हातात घडी घातलेला जाड कागद होता. अर्धे पान, त्यासाठी तिला एक अख्खी दुपार लागली होती. वडिलांनी कौतुकाने विचारले, "काय लिहिलंयस गं?" ती म्हणाली, "ते माझं आहे." आणि कागद दप्तरात ठेवला.

वडील गोंधळले. तेव्हा बाईंनी जूनमधले उत्तर दिले. "दादा, फोन तिला वाचून दाखवतो ते तुम्हालाही ऐकू येतं. ती फोनला सांगते तेही तुम्हाला ऐकू येतं. हे एवढं तिचं एकटीचं."

मी तिथे होतो. चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःचे असे काही लिहून ठेवता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्या घरातल्या कुलूपबंद डायऱ्यांवरून कुणालाही कळेल. फोनला हेडफोन लावता येतो, हे खरे. पण बोलून लिहायचे तर आवाज काढावाच लागतो. आणि मनातले शब्द बोटांतून बाहेर येताना जो विचार होतो, तो बोलताना होत नाही, हा अनुभव तर आपल्या सर्वांचाच आहे.

आता ती दहावीत आहे. फोन सोडलेला नाही, सोडायचे कारणही नाही. उलट फोनवर ब्रेल टाइप करायला शिकली आहे. टॉकबॅकमध्ये २०२० पासून ब्रेल कळफलक आला आहे. फोन आडवा धरून पडदा पलीकडे करायचा आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटे काचेवर. दोनशे वर्षांपूर्वीचे तेच सहा ठिपके! पाटीवर हात बसलेल्या मुलींना हे चटकन जमते.

आपल्याला करता येण्याजोगे

अंध मुले आता केवळ खास शाळांतून शिकत नाहीत. १९७४ पासून आपल्याकडे त्यांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याच्या योजना आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती शाळांची जबाबदारीच केली. म्हणजे तुमच्या मुला-नातवंडाच्या वर्गातही असा एखादा सोबती असू शकेल. त्याच्याकडे फिरते विशेष शिक्षक येतात, पण एका शिक्षकाकडे अनेक शाळा. ब्रेलचा धडा आठवड्यातून एखाद-दोन वेळा मिळाला तर बोट बसणार कधी? तेव्हा शाळेच्या पालकसभेत "त्याला टॅब मिळाला का?" ह्याबरोबरच "त्याला ब्रेल कोण शिकवतं, किती वेळ शिकवतं?" हेही विचारायला हवे. टॅबचा आकडा अहवालात लिहिता येतो, वेळेचा लिहिता येत नाही, म्हणून तो कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट अगदी सोपी. कॉलेजच्या मुली मला सांगतात की वर्गमैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे फोटो पाठवतात. मनाने चांगल्याच त्या, पण हाताने लिहिलेले मराठी फोनला धड वाचता येत नाही. तेच युनिकोडमध्ये टाइप करून पाठवले तर क्षणात वाचले जाते. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइलींचेही तसेच. डोळ्यांना मराठी दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांची खिचडी असते आणि फोन भलतेच काही बडबडतो. शाळा-कॉलेजांच्या सूचना, मंडळांच्या स्मरणिका, गृहसंस्थेची पत्रके, जे जे आपण टाइप करतो ते युनिकोडमध्ये केले तर त्याला जास्तीचा एक पैसा पडत नाही.

तिसरी गोष्ट, मराठीत ब्रेल वाचायला काही आहे हे लोकांना ठाऊक नसते. स्वागत थोरात ह्यांनी २००८ साली मुंबईतून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. शिकलेली लिपी टिकायची तर वाचायला ताजे काही हवे, हे त्यांनी ओळखले. आपल्या मुलाला अक्षरे आली की आपण 'चांदोबा', 'किशोर' आणून देत होतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि शेवटी वेळ. अंध मुलांना वाचून दाखवणारी, परीक्षेला लेखनिक म्हणून बसणारी माणसे नेहमीच कमी पडतात. त्यासाठी विशेष काही यावे लागत नाही. स्वच्छ वाचता यावे, सांगितलेले तसेच लिहावे, स्वतःची अक्कल मध्ये घालू नये आणि घड्याळाकडे पाहू नये. ह्यातले शेवटचे सर्वांत अवघड. बाईंच्या हातातल्या मनगटी घड्याळाला काच नाही, काटे बोटांनी चाचपून त्या वेळ पाहतात. गेल्या इतक्या वर्षांत मुलगी शेजारी बसलेली असताना त्यांचे बोट त्या घड्याळाकडे गेलेले मी एकदाही पाहिलेले नाही.